एकवीस फरश्या आणि नऊ घमेली वाळू

फरशी बसवणाऱ्यांमध्ये त्याला 'सूतभर' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. काम संपलं, मालकाने मान डोलावली, सामान आवरून झालं, की हा गडी गुडघे टेकून गाल जमिनीला लावायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "सूतभर खाली आहे." मग ती फरशी पुन्हा निघायची. त्याच्याबरोबर सिमेंटचा मसाला कालवणारा, सामान वाहणारा आणि दिवसभर त्याच्याशी वाद घालणारा माणूस म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. तो कपाळावर हात मारायचा. "दाजी, ह्या सूतभराला मुंगीसुद्धा अडखळणार नाही!" पण दाजी ऐकतील तर शपथ.

वय एकोणपन्नास. त्यातली सदतीस वर्षं गुडघ्यांवर गेलेली. बाराव्या वर्षी मामाने त्याला धंद्यात ओढलं, तेव्हा तो गणितात नापास होऊन घरी बसला होता. नापास होण्याचं कारण तो कुणाला फारसं सांगत नसे, पण विसरलाही नव्हता. मास्तरांनी फळ्यावर तीन वजा पाच लिहिलं होतं आणि उत्तर दिलं होतं, उणे दोन. ह्याने हात वर केला. "सर, तीनच आहेत तर त्यातून पाच जातात कसे? आणि गेलेच, तर ते उणे दोन राहतात कुठे?" मास्तर म्हणाले, "तुझ्या डोक्यात राहतात." वर्ग हसला. त्याने दुसऱ्या दिवशी तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही विचारलं, आणि चौथ्या दिवसापासून त्याची जागा दाराबाहेर ठरून गेली. मास्तरांवर त्याचा राग नव्हता. प्रश्न मात्र तसाच राहिला होता, चपलेत खडा राहावा तसा.

ह्या माणसाला शाळेचं काम मिळालं ते एका फुटलेल्या पाइपामुळे. तळमजल्यावरच्या लांब व्हरांड्यात पाणी मुरून फरशी फुगली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बोलावलं आणि काम समजावून सांगून झाल्यावर म्हणाल्या, "एक मिनिट थांबा. आमच्या गणिताच्या बाईंना तुमच्याशी बोलायचंय. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय."

गणिताच्या बाई तिशीच्या असतील. बाहीला खडू, कानामागे पेन्सिल, आणि चालणं असं की मागून कुणी हाक मारली तर पुढे चार पावलं जाऊन थांबतील. त्यांनी चौकटीच्या कागदावर काढलेलं चित्र त्याच्या हातात दिलं. व्हरांड्याच्या मधोमध फरश्यांची एक पट्टी हवी होती. एका अंगाला एक ते दहा, दुसऱ्या अंगाला उणे एक ते उणे दहा. मुलांनी त्यावर चालायचं.

"अधिकवाल्या पांढऱ्या, उणेवाल्या करड्या," बाई म्हणाल्या. "आकडे मी रंगवून घेईन. जमेल ना काका?"

"न जमायला काय झालं? दहा पांढऱ्या, दहा करड्या."

दोन वर्गांच्या दारांमधली जागा त्याने मोजली. साडेवीस फूट. फरशी फुटाची. वीस फरश्या बसवून दोन्ही टोकांना तीन-तीन इंच राहत होते. असं मनासारखं माप वर्षातून एखाद्या वेळी मिळतं. तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्याने वीसही फरश्या कोरड्याच मांडून ठेवल्या, पांढरी एकला टेकून करडी उणे एक, आणि बाईंना बोलावलं.

बाईंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "काका, शून्य कुठे आहे?"

"हा काय." त्याने पांढऱ्या आणि करड्या फरशीमधल्या फटीवर बोट ठेवलं. "दोघांच्या मध्ये."

"अहो, पण मुलगी शून्यावर उभी कशी राहणार? फटीत?"

"शून्याला फरशी कशाला, बाई? तिथे तर काहीच नाही."

"उभं राहायला," बाई म्हणाल्या. "निघायचं कुठून मग? ही बघा, मी एकवर उभी आहे. एक पाऊल मागे टाकलं. कुठे आले?"

"करड्यावर."

"म्हणजे उणे एकवर. एकमधून एक गेला तर उणे एक उरतो का?"

तो स्वतः पांढऱ्या एकवर जाऊन उभा राहिला, एक पाऊल मागे आला, पायाखाली बघितलं. परत पुढे गेला, परत मागे आला. मेव्हणा पाटी खाली ठेवून हे सगळं बघत होता. "दाजी, नाच बसवताय काय?"

"गप रे." मग बाईंना म्हणाला, "एकवीस लागतील."

एकवीस म्हटल्यावर ते मनासारखं माप मातीत गेलं. साडेवीस फुटांत फूटभराच्या एकवीस फरश्या बसणार कशा? त्याने गोणपाटावर बसून, मधले सांधे धरून आकडेमोड केली आणि प्रत्येक फरशीचे तीन-तीन सूत कापायचे ठरवले. एकवीस फरश्या, एकवीस काप, नाकातोंडात पांढरी धूळ. मेव्हण्याने दिवसभर शून्याच्या नावाने बोटं मोडली. एकविसावी फरशी आणायची कुठून, हा प्रश्न होता, कारण दुकानात त्या जातीची मिळेना. त्याने घरी पलंगाखाली ठेवलेली एक पिवळी, खरखरीत फरशी आणली. स्वतःच्या स्वयंपाकघराची फरशी बसवताना ती उरली होती. पांढऱ्या आणि करड्याच्या मध्ये ती पिवळी बसली आणि त्याला वाटलं, आता ही पट्टी कुठून सुरू होते ते आंधळ्यालाही पायाने कळेल.

चार दिवसांनी सांधे सुकल्यावर तो त्यावरचा सिमेंटचा राप पुसायला गेला, तेव्हा व्हरांड्यात वर्ग भरला होता. पस्तीसेक मुलं-मुली, सगळी बारा-तेराची, पट्टीच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेली. बाईंच्या हातात दोन मोठे लाकडी फासे होते, एक पांढरा, एक काळा.

"काका, आम्ही तुमच्या आड येतोय का?"

"छे, छे. मी त्या टोकापासून सुरू करतो." आणि त्याने ओलं फडकं घेऊन दहाच्या फरशीपासून पुसायला सुरुवात केली. कान मात्र सगळे इकडेच.

खेळ साधा होता. एकाने पिवळ्यावर उभं राहायचं, तोंड नेहमी पांढऱ्या बाजूला. पांढरा फासा पडला तर तेवढी पावलं पुढे, काळा पडला तर तेवढी पाठमोरी मागे. पण पाय हलायच्या आधी वर्गाने उत्तर ओरडायचं. आधी तोंड, मग पाय. पायाने दिलेलं उत्तर आणि तोंडाने दिलेलं उत्तर जुळलं तर ठीक, नाहीतर थांबायचं आणि भांडायचं. भांडायला बाईंची परवानगी होती.

पांढरा पाच, काळा तीन. "दोन!" पाय दोनवर. पांढरा एक, काळा सहा. थोडी कुजबुज झाली, मग "उणे पाच!" पाय उणे पाचवर. फडकं फिरवता फिरवता सूतभरही मनात उत्तर देत होता आणि पाय कुठे थांबतात ते मान वळवून बघत होता. बरोबर आलं की त्याला उगीचच बरं वाटायचं.

मग बाईंनी पिशवीतून दुसरा काळा फासा काढला. "आता दोन्ही काळे." पडले चार आणि तीन.

"सात!" एक मुलगी सगळ्यांच्या आधी ओरडली. तिला वर्गात 'घाई' म्हणत. हात वर करायच्या आधी तिचं उत्तर येऊन गेलेलं असायचं. "अधिक सात! उणे आणि उणे, अधिक. माझ्या दादाने सांगितलंय."

"हो, हो, उणे उणे अधिक," आणखी दहा-बारा आवाज आले.

पट्टीवर उभा असलेला चष्मेवाला मुलगा गोंधळला. तो चार पावलं मागे गेला, उणे चारवर थांबला, आणखी तीन मागे गेला. करड्या उणे सातवर उभा राहून तो म्हणाला, "पण मी तर इथे आलो."

"तू चुकीचा चाललास!" घाई म्हणाली.

"मागेच जायचं होतं ना? मग कसं चुकलो?"

"उणे उणे अधिक असतं!"

"मग मी उडी मारू का तिकडे?"

हसू फुटलं. बाई भिंतीला टेकून बघत होत्या. अर्धा वर्ग घाईच्या बाजूने, अर्धा चष्म्याच्या बाजूने. पायावर विश्वास ठेवायचा की दादावर?

सूतभराला राहवलं नाही. दुसऱ्याच्या वर्गात नाक खुपसू नये एवढं त्यालाही कळत होतं, पण तोंडातून निघून गेलं. "पोरी, मी सांगू का एक? जमिनीत चार सूत खड्डा आहे. त्यात मी आणखी तीन सूत खरवडलं. मग तिथे टेकाड होईल का?"

सगळे वळले. घाईने उत्तर द्यायच्या आधी जमिनीकडे बघितलं. तिच्या बाबतीत हे नवलच होतं.

"खड्डा वाढेल," ती हळूच म्हणाली. "सात सूत होईल."

"खाली की वर?"

"खाली." मग एकदम उसळून, "पण मग दादा खोटं सांगतो?"

"खोटं नाही," आता बाई पुढे आल्या. "दादा सांगतो तो नियम गुणाकाराचा आहे. तो पुढे येईल. तू त्याला बेरजेच्या घरात आणून बसवलंस, तो बिचारा काय करणार?" मग त्या सूतभराकडे वळल्या. "काका, हे चार सूत, तीन सूत तुम्ही कशावरून मोजता? शून्य कुठे धरता?"

"ती भिंतीवरची रेघ असते ना, पाण्याच्या नळीने काढलेली. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं राहतं. तिथून दोरी बांधायची. दोरीपासून जमीन बरोबर तीन फुटांवर असेल तर ठीक. तीन फुटांच्या वर असेल तर फुगवटा, खाली असेल तर..." तो थांबला. फडक्यातलं पाणी त्याच्या पायावर टपटपत होतं. "...तर खड्डा."

उणे दोन कुठे राहतात ते त्याला त्या क्षणी दिसलं. सदतीस वर्षं तो तेच मोजत होता, तेच भरत होता, आणि रोज संध्याकाळी तेच हातापायावरून धुऊन टाकत होता. त्याला हसू आलं आणि थोडं रडूही. मुलांसमोर दोन्ही बरं दिसलं नसतं, म्हणून तो फडकं पिळायला नळावर गेला.

तिथे मेव्हणा बसला होता. "काय झालं दाजी? धूळ गेली डोळ्यात?"

"अरे, ते उणे म्हणजे खड्डा."

"कुठे आहे खड्डा? आत्ताच तर बसवली फरशी!" मेव्हणा घाबरून उठला.

व्हरांडा संपल्यावर शाळेने त्याला मागचं छोटं अंगणही दिलं. तिथले सिमेंटचे ठोकळे खचून वर-खाली झाले होते. ते काढायचे, खालची वाळू सारखी करायची आणि पुन्हा बसवायचे. शुक्रवारपर्यंत, कारण सोमवारी पालकांची सभा होती. किती वाळू मागवायची हे तो नेहमी नजरेने ठरवायचा. अंगणात उभा राहायचा, डोळे बारीक करायचा आणि आकडा बोलायचा.

"पंधरा घमेली," तो म्हणाला.

गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत तिथे आल्या होत्या. "कशावरून?"

"अंदाज."

"आमचा वर्ग मोजेल का? दोन तासांत मोजून देतो."

मेव्हणा मागून खुणा करत होता, नको, नको. मुलांना घेतलं की दोन दिवसांचं काम आठवड्यावर जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण सूतभराला स्वतःलाच बघायचं होतं. "मोजू द्या," तो म्हणाला.

ठोकळे उचलून झाल्यावर अंगण छत्तीस फूट लांब आणि चोवीस फूट रुंद उघडं पडलं. त्याने चुन्याच्या रेघा मारून सहा-सहा फुटांचे चौकोन पाडले. एका रांगेत सहा, अशा चार रांगा. चोवीस चौकोन. दोऱ्या ताणल्या. मुलांना काठ्या दिल्या, त्यांवर तीन फुटांची ठळक खूण आणि तिच्या वर-खाली सुताच्या बारीक खुणा. आणि एक गोष्ट सांगितली, जी कुठल्या पुस्तकात नव्हती: सहा फुटी चौकोन एक सूत भरायला एक घमेलं वाळू लागते. फुगवटा एक सूत खरवडला तर एक घमेलं वाळू निघते.

मुलं पालथी पडली. गुडघे मळले, वेण्या वाळूत लोळल्या. "इथे अधिक चार!" "उणे सात, बापरे!" "ए, काठी सरळ धर, वाकडी धरलीस तर खोटं माप येईल!" हे शेवटचं वाक्य ऐकून मेव्हणा दचकला. अगदी दाजीच बोलल्यासारखं वाटलं त्याला. तिसऱ्या रांगेतल्या एका चौकोनाचं माप बरोबर शून्य आलं आणि तिथली दोन मुलं हिरमुसली, त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही म्हणून.

"तेच तर भारी काम आहे," सूतभर त्यांना म्हणाला. "तिथे हात लावायचा नाही."

दुसऱ्या तासाला चोवीस आकडे फळ्यावर चढले. बेरीज करा, बाई म्हणाल्या. घाईचा हात वर गेला, आणि हाताच्या आधी उत्तर.

"एकसष्ट!"

"एकसष्ट घमेली?" सूतभराचे डोळे विस्फारले. "शाळा पुरायची आहे का, पोरी?"

वर्ग खदखदून हसला, घाईसुद्धा. तिने सगळे आकडे चिन्ह न बघता मिळवले होते. खड्डेही मिळवले आणि फुगवटेही. मग चारही रांगांनी आपापली बेरीज केली. पहिल्या रांगेची आली अधिक एक, दुसरीची उणे पाच, तिसरीची उणे सहा, चौथीची अधिक एक. चष्मेवाल्याने त्या चार आकड्यांची बेरीज पट्टीवर जाऊन पायांनी केली. पिवळ्यावरून एक पुढे, पाच मागे, सहा मागे. तिथे तो उणे दहावर, अगदी शेवटच्या फरशीवर, टाचा काठाला लावून उभा राहिला. एक पुढे.

"उणे नऊ," तो म्हणाला. "नऊ घमेली लागतील."

"पंधरा," सूतभर म्हणाला.

"नऊ," पस्तीस तोंडं एका सुरात.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो बोटांवर आकडे मोजतच. त्याची बायको कपडे दुरुस्त करायची, खिडकीपाशी तिचं मशीन होतं. तिने दोरा तोडता तोडता विचारलं, "अहो, काय झालंय? भावाशी वाजलं का पुन्हा?"

त्याने सगळं सांगितलं. चोवीस आकडे लिहिलेला कागद तिच्यापुढे ठेवला. "पोरं म्हणतात नऊ. माझी नजर म्हणते पंधरा. सदतीस वर्षांची नजर आहे, अगं."

"पन्नाशीत शाळा सुचली ह्यांना," ती म्हणाली, पण तिने कागद ओढून घेतला. मग बटणांचा डबा उघडला. फुगवट्यांची पांढरी बटणं, खड्ड्यांची काळी. एकेक आकडा वाचत तिने टेबलावर दोन ढीग केले. "आता बघा. हा खड्डा, हा फुगवटा. ह्याची वाळू त्याच्यात गेली. दोघं बाद." आणि एक पांढरं, एक काळं असं जोडीने उचलून ती डब्यात टाकू लागली.

"नवरा-बायकोसारखं," तो म्हणाला.

"तेच म्हणते. तुम्ही उणे, मी अधिक. म्हणून घर सपाट आहे."

शेवटी टेबलावर काळी बटणं उरली. तिने मोजली. नऊ. त्याने मोजली. नऊच.

"मागवा नऊ," ती म्हणाली आणि पुन्हा मशीनकडे वळली.

त्याने नऊच मागवली. मेव्हण्याने शेवटपर्यंत विरोध केला. कमी पडली तर गाडी पुन्हा कोण पाठवणार, शुक्रवार तोंडावर आलाय, पोरखेळात आपलं नाव जाईल. सूतभर म्हणाला, "जाऊ दे. मला बघायचंय."

गुरुवारी सकाळी त्यांनी फुगवटे खरवडले, ती वाळू खड्ड्यांत ओढली, मग नवी वाळू घातली, पाणी मारलं आणि वरून धुमसाने ठोकून घेतली. शेवटच्या तासाला बाईंनी वर्ग बाहेर आणला. सातवं घमेलं, आठवं, नववं. नववं रिकामं झालं. पाणी मारून ठोकल्यावर सूतभराने दोरी ताणली, काठी टेकवली, आणि कोपऱ्यातला एक चौकोन सूतभर खाली निघाला. त्याच्या शेजारचा अर्ध्या सुताने.

घाईचा चेहरा पडला. चष्मेवाल्याने कागद काढून बेरीज पुन्हा तपासायला घेतली. मेव्हणा 'मी म्हटलं नव्हतं?' असं तोंड करून उभा होता.

सूतभर मात्र उकिडवा बसला. त्याने तळहातावर थोडी नवी वाळू घेतली, मूठ आवळली, उघडली. मग चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बेरीज चुकलेली नाही," तो म्हणाला. "पोरांनो, तुम्ही जमीन बरोबर मोजली. जमिनीची जुनी वाळू दबलेली होती, ही नवी सैल आली. ठोकली की बसते. नऊची झाली साडेसात. हे तुम्हाला मी सांगायला हवं होतं. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?" घाईने विचारलं.

"माझ्या डोक्यात ते वेगळं असं कधी नव्हतंच. पंधरा म्हणताना ते त्यातच असायचं." तो थांबला. खरं सांगावं की नाही ह्याचा क्षणभर विचार केला असावा. "साडेदहा-अकरा पुरली असती. वरची चार घमेली दर वेळी कोपऱ्यात पडून राहतात, मग पावसात वाहून जातात. मी म्हणायचो, वाळू आहे, वाहणारच."

बाईंनी फळ्याऐवजी वाळूतच काठीने लिहिलं: उणे नऊ, अधिक साडेसात. घाईने ह्या वेळी घाई केली नाही. ती बोटांवर मोजत राहिली, मग म्हणाली, "उणे दीड. एक चौकोन एक सूत, दुसरा अर्धा. बरोबर तेवढंच कमी पडलंय!"

सूतभराने दोन्ही चौकोनांकडे बघितलं आणि मान हलवली. ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

दोन घमेली वाळू मेव्हण्याने व्हरांड्याच्या कामातून उरलेल्या ढिगातून आणली, कुरकुर करत, पण पळत. शुक्रवारी दुपारी ठोकळे बसले. मुलं त्यावरून चालून गेली, कुणी अडखळलं नाही.

सामान आवरताना तो बाईंच्या वर्गाशी थांबला. "बाई, एक विचारू? बेरीज कळली. खड्डा मिळवला तर जमीन खाली जाते. पण कुणी खड्डाच काढून नेला तर? म्हणजे उणे तीन वजा केले तर?"

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. "तो पुढचा धडा आहे. पुढच्या महिन्यात, पहिल्या मंगळवारी, दुसऱ्या तासाला. याल?"

तो आला. त्या मंगळवारी त्याने एका हॉटेलच्या न्हाणीघराचं काम दुपारवर ढकललं, दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. बाकाखाली त्याचे गुडघे मावेनात, म्हणून चष्मेवाल्याने मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतून खुर्ची आणली. पहिल्यांदा त्याला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा बाईंनी टेबलावर खडे मांडून दाखवलं, तेव्हा कळलं. तिसऱ्यांदा त्याने ते शेजारच्या बाकावरच्या मुलीला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता पुन्हा विसरला.

आता तो कुठल्याही कामाला गेला तरी वाळू मागवायच्या आधी चुन्याने चौकोन पाडतो आणि प्रत्येकात खडूने अधिक-उणे लिहितो. ठोकून बसणाऱ्या वाळूसाठी वरचं किती धरायचं, ह्याचं त्याने एक कोष्टक केलंय. ते अजून बरोबर येत नाही. प्रत्येक ठिकाणची वाळू वेगळी. घरमालक विचारतात, हे काय चाललंय, तर तो हौसेने सांगायला बसतो आणि त्यांचा चहा गार होतो.

मेव्हण्याने सुरुवातीला ह्या खडूच्या भानगडीत पडणार नाही असं ठणकावून सांगितलं होतं. परवा दवाखान्याच्या अंगणात काम चाललं होतं. सूतभर अजून तिसऱ्या रांगेवर होता, तेवढ्यात पलीकडच्या टोकाहून आवाज आला.

"दाजी! सगळं मिळून उणे चार!"

"उणे सहा," सूतभर मान न वळवता म्हणाला.

"चार! मी दोनदा केलंय."

"तो नळाजवळचा कोपरा परत मोज."

मेव्हण्याने तणतणत काठी उचलली, कोपरा मोजला, खडूने नवा आकडा लिहिला, बोटांवर बेरीज केली. मग ती पुन्हा एकदा केली.

"काय निघालं?"

"उणे पाच," मेव्हणा म्हणाला.